न कुटलेली जुडी

आमच्या लाऊच्या बेटांवर भाचीने मामाच्या घरातलं काहीही उचलून न्यावं आणि मामाने नाही म्हणू नये, अशी रीत आहे. पेनाया मामाकडून मी हा हक्क पुरेपूर वसूल केलाय. डुक्कर नेलं, चटया नेल्या, एकदा तर त्याचं नवंकोरं जाळं. "ने गं बाई, तुझंच आहे," एवढंच तो म्हणायचा.

फक्त एकदा, तुळईला टांगलेल्या यांगोनाच्या मुळांच्या जुडीला मी हात घातला, तेव्हा मामाने माझं मनगट धरलं.

"तितिलिया, ती नको."

"कुटून प्यायची मुळं ती! टांगून ठेवून लोणचं घालणार आहेस का?"

मामा उठून बाहेर गेला. मी हात मागे घेतला. ती जुडी कुणाची, हे मला ठाऊक होतं.

हल्ली शिडाची होडी दिसली, की नांगर पडायच्या आत मामा वल्ही मारत तिच्याकडे पोचतो. खडक कुठे, वारा कुठून फिरेल, सगळं न विचारता सांगतो. गावातले हसतात, "पेनाया, पाहुण्यांनी तरी तुझ्याकडे यायचं कधी?" पूर्वी हाच प्रश्न मामाचा असायचा.

सरदाराच्या वतीने बोलायचा मान मामाच्या घराण्याचा. परकी होडी आली, की तिच्या माणसांनी आधी किनाऱ्यावर यायचं, मामापुढे मुळांची जुडी ठेवायची. मामा ती घेऊन ठरलेले शब्द म्हणणार, मग मुळं कुटून सगळे पिणार, की पाहुणे गावचे झाले. तोवर त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. या मानपानात मामा भलताच काटेकोर होता.

पाच वर्षांपूर्वी उत्तरेच्या खाडीत एक पांढरी होडी आली आणि प्रवाळाच्या अगदी जवळ थांबली. दोन दिवस झाले, किनाऱ्यावर कुणी उतरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी नेहमीचा वारा पडला आणि उत्तरेकडून लाटा यायला लागल्या. मामाने एकदा आभाळाकडे पाहिलं.

"दुपारपर्यंत वारा फिरतोय," तो म्हणाला.

"अहो, मग जाऊन सांगा ना त्यांना!" मामी म्हणाली. "खडकावर जातील ती माणसं."

"त्यांना रीत कळत नाही का? येतील नाक मुठीत धरून."

मी तिथेच कसावा सोलत बसले होते. माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणाले, "जा मामा जा, आता आपणच त्यांच्यापुढे मुळं ठेवू!" झालं. मामा हटूनच बसला. ते वाक्य मला आजही गिळता येत नाही.

दुपारी वारा फिरला. प्रवाळात अडकलेली नांगराची साखळी तुटली आणि होडी खडकावर चढली. मग मात्र सगळ्यांच्या आधी मामा पाण्यात होता. म्हातारा आर्ने आणि त्याची बायको सोल्वेग, दोघांना आम्ही जिवंत आणलं. होडीच्या पोटाला भगदाड पडलं होतं. अकरा वर्षं तेच त्यांचं घर होतं.

मामाच्या घरात दोघं चटईवर बसली. सोल्वेगच्या पायाला दोन फळ्या बांधलेल्या होत्या. आर्नेने कोटातून एक जुडी काढली. मुळांतून खारं पाणी गळत होतं. ती त्याने मामापुढे ठेवली.

"माफ करा, उशीर झाला," तो म्हणाला. "वाटेत हिचा पाय मोडला. हिला एकटीला टाकून मला येता येईना. आणि हे दिल्याशिवाय गावाकडे काही मागू नये, असं पुस्तकात वाचलं होतं. म्हणून हाक मारली नाही."

मामीने दोन्ही हात तोंडावर धरले. मी मान खाली घातली.

मामाने जुडी दोन्ही हातांत घेतली आणि ठरलेले शब्द सुरू केले. "तुमची मुळं आम्ही स्वीकारली. आजपासून हे गाव तुमचं. तुमच्या जिवाची आणि तुमच्या होडीची राखण..."

तो तिथेच थांबला. बाहेर खडकावर होडी आपटत होती, घरात ऐकू येत होतं.

आर्नेला वाटलं, विधी संपला. पुस्तकात लिहिलं होतं तशा त्याने तळहात पोकळ करून सावकाश आभाराच्या तीन टाळ्या वाजवल्या.