भुतांनी टाळलेला माणूस

निफाडच्या बाजारतळाजवळ वाल्मीकचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या आणि त्यांत नवी तांब्याची तार भरायची, हा त्याचा धंदा. जीव मात्र सगळा भुताखेतांत. गिऱ्हाईक मोटार खाली ठेवतं न ठेवतं तोच हा विचारणार, "विहिरीवर काही दिसतंबिसतं का?" मुंजा म्हणा, चकवा म्हणा, साती आसरा म्हणा, जे जे डोळ्यांना दिसत नाही त्या सगळ्याचं याला वेड. आणि पन्नाशी उलटली तरी त्यातलं एकही बापड्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

प्रयत्नांत कसूर नव्हती. मुंजाच्या पिंपळाखाली भर दुपारी जाऊन बसला, तर अशी गाढ झोप लागली की शेळीने टोपी चघळली तरी पत्ता नाही. उसात चकवा लागतो म्हणून मुद्दाम उसात शिरला, तर नाकासमोर चालत थेट स्वतःच्याच मागच्या दाराशी निघाला. पेठच्या डोंगरात एक भगत आहे म्हणून कळलं, तर मोटारसायकलीवर तिथेही गेला. भगताने सुपात तांदळाचे दाणे टाकले, पुन्हा टाकले आणि सांगितलं, माणूस साफ कोरा आहे, पुढे ना मागे, काहीच नाही. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. वाल्मीक परतीच्या वाटेवर चहाही न पिता आला.

स्वप्नंदेखील पडायची नाहीत. ती सगळी त्याच्या बायकोला, लंकाबाईला. "रात्री आपली म्हैस हंड्यात बसून गंगेवर चालली होती," असं ती भाकरी थापता थापता सांगायची.

"मंग? पुढं काय झालं?" वाल्मीक घास हातात धरून विचारायचा.

"पुढं काय व्हायचं? जाग आली."

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, म्हणतात ते खोटं नाही.

पण गाव मोठं बेरकी. त्याने या दुर्दैवाचाही उपयोग काढला. अंगात आलेल्या बायकासुद्धा वाल्मीकला बघून मुकाट केस बांधायला लागतात, असं लोक म्हणू लागले. मग एखादी जागा जड वाटली की त्याला बोलवायचं आणि आत बसवायचं. तो मोठ्या आशेने जायचा आणि चेहरा पाडून "काही नाही" म्हणत बाहेर यायचा. की झाली जागा मोकळी! त्याच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे. याला काही दिसलं असतं तर हा गावभर ओरडत सुटला असता, हे शेंबडं पोरही जाणून होतं. घरमालक खुशीत शेवभाजीचं जेवण घालायचे. वाल्मीकला ते गोड लागत नसे.

गेल्या लग्नसराईत स्नेहल त्याच्या दुकानात आली. गावातली नवी सून. स्टँडमागच्या एका गाळ्यात तिने ब्यूटी पार्लर काढलं होतं. समोर भाजी विकणाऱ्या बयाबाईला तिथल्या आरशात एकदा कुणी अनोळखी बाई दिसली म्हणे, आणि तेव्हापासून पायरीवर गिऱ्हाईक चढेना.

"काका, तुम्ही एकदा बसा ना तिथे," स्नेहल म्हणाली. "घरचे म्हणतात, लग्नसराईतही चाललं नाही तर शटर पाड आणि घरी बस. मला घरी नाही बसायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मिशांना तेल लावून वाल्मीक पार्लरमध्ये आरशापुढच्या खुर्चीत जाऊन बसला. दार लोटलेलं. पायरीवर स्नेहल, बयाबाई आणि दोन-चार रिकामटेकड्या बाया. लाइट गेलेली, पंखा बंद. आरशात घामेजलेला वाल्मीक आणि त्याच्या मागे केसगळतीच्या तेलाची जाहिरात. अनोळखी असं कुणीच नव्हतं.

तेवढ्यात शेजारची रिकामी खुर्ची फिरली.

सावकाश, अगदी शिस्तीत, आरशाकडून वळून ती त्याच्याकडे तोंड करून थांबली. वाल्मीकची सगळी हयात फिरणाऱ्या वस्तूंत गेलेली. काय कशाने फिरतं ते त्याला विचारावं. तो गुडघ्यांवर बसला, खुर्चीखाली पाहिलं, फरशीवर तळवा फिरवला. उतार नाही, वारा नाही. त्याने खुर्ची पुन्हा आरशाकडे वळवली. ती पुन्हा त्याच्याकडे वळली.

अंगावर काटा आला आणि डोळ्यांना धारा लागल्या. भीती कसली, आनंद! लग्नातसुद्धा माणूस इतका हरखला नव्हता.

"लय वाट पाहायला लावली गं बाई," तो हात जोडून म्हणाला.

आता दार उघडायचं आणि सांगायचं. सगळं निफाड त्याच्या ओट्यावर येऊन बसलं असतं. तो उठला, दाराच्या फटीशी गेला, तर पायरीवर स्नेहल दिसली. सगळ्या बडबडत होत्या, ती एकटी ओठ घट्ट मिटून दाराकडे बघत होती. वाल्मीकचा कडीवरचा हात तिथेच राहिला. त्याला फार वाईट वाटलं, आणि ते स्वतःसाठीच वाटलं. इतक्या वर्षांनी मिळालं, आणि ते असं!

तो परत खुर्चीजवळ आला.

"बस निवांत," तो हळूच म्हणाला. "पण पोरगी कष्टाळू हाय. तिच्या गिऱ्हाइकाला भिववू नको."

खुर्ची हलली नाही. त्याने ती कबुली मानली आणि दार उघडलं.

"काय दिसलं रे?" बयाबाई पुढे सरसावली.

"काय नाय मावशी. नुसती खोली हाय." चेहरा पाडायला या वेळी काहीच कष्ट पडले नाहीत.

"तुझ्या नशिबात भूत नाय रे, वाल्मीक!" म्हणत बयाबाई खो खो हसली आणि तशीच आत शिरून त्याच खुर्चीत ऐसपैस बसली. "चल गं पोरी, भुवया कर माझ्या. नातीच्या लग्नात मिरवायचंय." मागोमाग बाकीच्याही आत घुसल्या.

स्नेहल क्षणभर दारात थांबली. "काका, खरंच काही नाही ना?"

"मला आजवर कधी काही दिसलंय का, पोरी?" वाल्मीक म्हणाला, आणि चपला घालायला म्हणून वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.