चपलांचा प्रयोग

"पडताळून पाहू, सर." कोणतेही विधान कानी पडले की आमच्या महाविद्यालयातील संगणकाचे प्राध्यापक चष्मा काढून पुसत आणि एवढेच म्हणत. चहा गोड आहे, या विधानावरही.

मी भौतिकशास्त्राचा विभागप्रमुख होतो. संगणकशास्त्र हे शास्त्र नव्हे, असे माझे लेखी मत होते. नव्वदीच्या दशकात पुण्यात गल्लोगल्ली संगणकाचे वर्ग निघाले. शास्त्रे अशी निघत नाहीत. ते शास्त्र मानायचे की नाही, हा निर्णय प्राचार्यांनी माझ्यावर सोपवला. मी नाही म्हटले असते, तर संगणकाचा विभाग वाणिज्य शाखेत, टंकलेखनाच्या वर्गाशेजारी जाणार होता.

त्या काळी धुळीने यंत्र बिघडते म्हणून संगणकाच्या खोलीच्या दाराशी चपलांचा ढीग असे, हे आपल्यालाही आठवत असेल.

"अहो, बाहेर चपला काढायच्या ते देऊळ. प्रयोगशाळा नव्हे," मी म्हणालो.

चष्मा पुसला गेला. "धुळीने बिघडते का, ते पडताळून पाहू."

त्यांनी दोन सारखे संगणक निवडले. एक त्यांच्या खोलीत, जिथे सारे अनवाणी. दुसरा माझ्या प्रयोगशाळेत, जिथे सारे पादत्राणांसह. मुदत तीन महिने. रोज सकाळी ते माझ्या बुटांचे तळ तपासून वहीत लिहीत, ‘धूळ समाधानकारक.’ एकदा मी बूट स्वच्छ पुसून गेलो, तर त्यांनी मला मैदानाला फेरी मारायची विनंती केली. मी मारली.

खंडेनवमीला शिपायाने त्यांच्या यंत्राची साग्रसंगीत पूजा केली. कुंकू फ्लॉपीच्या खाचेत गेले, नारळाचे पाणी कळफलकात. यंत्र कायमचे बंद पडले. माझ्याकडचे चालू राहिले; माझ्या प्रयोगशाळेत पूजेला मनाई होती.

निर्णयाची बैठक आठवड्यावर आली होती. ‘चपला निर्दोष’ एवढे त्यांनी लिहिले असते, तर कोणी हरकत घेतली नसती. त्यांनी लिहिले, ‘यंत्र पूजेने बिघडले. चपलांविषयी काहीही सिद्ध होत नाही. प्रयोग रद्द.’

"मग टंकलेखनाशेजारी बसावे लागेल," मी बजावले.

"बसू, सर. पण निष्कर्ष निघत नाही."

मी अहवालात ‘शास्त्र आहे’ असे लिहून सही केली. याला आधार काय, असे त्यांनी चष्मा पुसत विचारले. मी त्यांना तासाला जायला सांगितले.

पुढे ते हडपसरच्या एका कंपनीत गेले. तिथे सगळे बूट घालूनच काम करतात, असे त्यांनी पत्राने कळवले. मात्र एवढ्यावरून काही ठरवू नये, अशी तळटीप होती.

निवृत्तीच्या दिवशी मी त्यांच्या जुन्या खोलीत डोकावलो. एव्हाना ढीग नाहीसा झाला होता. मुले चपलांसह बसली होती. मी दाराशी बूट काढले आणि आत गेलो.

त्याला शास्त्रीय कारण नव्हते.