बाबा तलावावर होते, म्हणून त्यांचं मत गेलं

मित्रांनो, आज मतदान केंद्रावर जे पाहिलं, त्याचा संताप अजून उतरला नाई.

आमच्या गावचे श्रावणबाबा शहाऐंशी वर्षांचे आहेत. एकटेच राहतात अन् रोज सकाळी तलावात जाळं टाकतात. आज मासोळी विकून ओल्या धोतरानंच पायी केंद्रावर आले. साहेबांनी यादी पाहिली अन् म्हणाले, "तुमचं मतदान घरी होतं. आता इथी नाई करता येत."

झालं असं, की पंच्याऐंशीच्या वरच्यांना घरून मत द्यायची सोय आहे. मागे एक कर्मचारी आला अन् फॉर्मवर बाबांचा अंगठा घेऊन गेला. चालता येते का, हे विचारलंच नाई. मग मतपेटी घेऊन पथक आलं, दोनदा, दोन्ही वेळा सकाळी. निरोप मोबाइलवर दिला म्हणे. बाबांजवळ मोबाइलच नाई! पथकानं कुलपाचा फोटो काढला, "मतदार घरी नाही" असं लिहिलं अन् गाडीत बसून गेलं.

बाबा म्हणाले, "साहेब, घरी बसून मासोळी येते का? मी इथी उभा आहो नं तुमच्यासमोर."

साहेब म्हणाले, "पुढच्या वेळी घरी राहा."

शहाऐंशीव्या वर्षी पुढची वेळ!

अन् हुशारी पाहा. बाबांच्या दारातून तलाव दिसते. एक हाक मारली असती तं बाबा आले असते.

हाक मारायसाठी कोणता फॉर्म भरावा लागते, कोणाले माहीत आहे का?