एकट्याचा सत्कार

कौतुकाने माणसाचं वाटोळं झालेलं मी एकदाच पाहिलं. पण इतक्या जवळून पाहिलं, की आजही कुठे सत्कारासाठी सतरंजी अंथरलेली दिसली की माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, तुम्हाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. म्हणोत बापडे.

साठ-सत्तरच्या दरम्यानचा काळ. मी भडगाव सोडून धुळ्याच्या एका कापसाच्या जिनात कारकून म्हणून लागलो होतो. हंगामात कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर लांबपर्यंत उभ्या असत. आत कापसातली सरकी वेगळी निघे आणि तिची पोती ट्रकमध्ये चढवायचं काम सोनगीरकडच्या हमालांची एक टोळी करी. टोळी म्हणजे एका चुलीवरचं घर. मजुरी सगळ्यांची मिळून यायची, मुकादम ती वाटायचा. चहा, तंबाखू, इतकंच काय, खाल्लेली बोलणीसुद्धा सामाईक. सरकीचं पोतं असं जड, की एकट्याला ते डोक्यावर घेताच येत नसे. दोघांनी दोन बाजूंनी उचलायचं आणि तिसऱ्याने खाली मान घालायची. याला ते ‘हात देणं’ म्हणत. हात मिळाला नाही तर कितीही ताकदीचा हमाल नुसता उभाच राहायचा.

एका दुपारी कापसाच्या गंजीला धग लागली. जिनात आगीसारखी भीती दुसरी नाही. सगळी टोळी धावली, ओली पोती टाकली, पायांनी तुडवलं, जाळ वर येऊ दिला नाही. शेठ धापा टाकत पोहोचले तेव्हा बाकीचे बादल्या घेऊन हौदाकडे गेलेले आणि गंजीवर एकटाच एक हमाल धूर तुडवत उभा. शेठनी पाहिला तो एवढाच. मुकादम मागून येऊन म्हणाला, “शेठ, बठ्ठी टोयी व्हती.” शेठ म्हणाले, “हो हो, सगळ्यांनीच केलं,” आणि त्या एकाच्या पाठीवर थाप मारली.

शेठ नुकतेच इंदूरला व्याह्यांकडे जाऊन आले होते. तिथल्या कारखान्यात कामगाराला हार घालतात, चार शब्द बोलतात, हे पाहून त्यांच्या मनात ते बसलं होतं. “आपल्याकडे माणूस राब राब राबतो आणि कोणी त्याला चांगलं म्हणत नाही,” ते मला म्हणाले. खोटं काय होतं त्यात? मला स्वतःला त्या ऑफिसात कोणी चांगलं म्हटल्याचं आठवत नाही.

मग सत्कार झाला. शेठनी त्या हमालाला आपल्या खुर्चीवर बसवलं, नारळ दिला आणि स्वतःच्या हातांनी गुलाबी फेटा बांधला. तो खुर्चीच्या कडेवर असा टेकला होता, की कोणीतरी ‘ऊठ’ म्हणायचीच वाट पाहत असावा. खरं तर टोळीतल्या कोणाचा मान करायचा झाला तर तो मुकादमाच्या हाती द्यायचा, आणि मुकादमाने सगळ्यांचा म्हणून घ्यायचा, ही रीत. शेठच्या घराण्याच्या तीन पिढ्या धुळ्यात गेल्या, पण ही रीत त्यांना कोणी सांगितली नव्हती. पेढे वाटले असते तरी निभावलं असतं. फेटा कसा वाटणार?

दुसऱ्या दिवशी पहिला ट्रक लागला. त्या हमालाने नेहमीसारखी मान खाली घातली. कोणी पोतं उचललं नाही. मुकादम गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “आते याना डोकावर वझं कसं ठेवानं? तठे शेठना फेटा शे.” सगळे खदखदून हसले. तोही हसला. मलाही खिडकीत हसू आलं. चेष्टा होती, संध्याकाळपर्यंत विरेल असं वाटलं.

ती विरली नाही. त्याच्या हातात झाडू आला. सांडलेली सरकी गोळा करायचं काम टोळीतल्या म्हाताऱ्यांचं, आणि त्याचा वाटाही तसाच तुटपुंजा. हा तर भर उमेदीतला गडी, घरी खाणारी तोंडं. चहाला तो जवळ गेला की सोबती सरकून जागा देत आणि म्हणत, “तुम्ही बसा ना!” जन्मभर ‘तू’ म्हणणारी माणसं ‘तुम्ही’ म्हणू लागली, यापरीस शिवी परवडली असती. तो बोडक्या डोक्याने यायला लागला, तरी फरक नाही. एके दिवशी तो फेटाच घेऊन आला आणि मुकादमापुढे धरला. “नाना, याना तुकडा करीसन बठ्ठास्ले वाटी द्या.” मुकादमाने हातही लावला नाही. “शेठना फेटा फाडू? हाई पाप मना माथे नको.”

मला राहवेना. मी जाऊन मुकादमावर आवाज चढवला. तो शांतपणे तंबाखू मळत राहिला. “त्यानी चूक काय शे, भाऊ? काहीच नही. मंग आमनी तरी काय शे? आग काय त्यानी एकलानीच इझाडी?” माझ्या अंगात राग भरपूर आणि अधिकार शून्य. परत येऊन मी खुर्चीत बसलो.

शेवटी तो माझ्याकडे आला. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. “भाऊ, शेठले सांगा, माले एक डाव बठ्ठास्ना मोरे शिव्या द्या. चांगल्या घाणेरड्या. मंग बठ्ठा माले हात देतीन.”

मला आधी वाटलं, याचं डोकं ठिकाणावर नाही. मग विचार केला, तेव्हा कळलं की त्याच्याइतका नीट विचार त्या जिनात कोणीच केलेला नाही. मी शेठकडे गेलो, सगळं सांगितलं. शेठ हळव्या मनाचे. मुंगी चुकवून पाऊल टाकणारे. त्यांच्या तोंडून ‘गाढव’ हा शब्दसुद्धा मी कधी ऐकला नव्हता. त्यांना फार वाईट वाटलं.

“ज्याला मी माझ्या खुर्चीवर बसवलं, त्याला शिवी देऊ? नाही हो. लोकांना त्याची किंमत कळलेली नाही. ती पुन्हा सांगितली पाहिजे.”

“शेठ, पुन्हा नको. पाया पडतो,” मी म्हणालो.

“तुम्हाला हे समजायचं नाही,” ते म्हणाले.

पुन्हा सतरंजी अंथरली. पुन्हा खुर्ची आली. टोळी समोर ओळीने बसली. शेठनी तोच फेटा मागवून पुन्हा त्याच्या डोक्यावर बांधला आणि बोलले, मनापासून बोलले. मी भिंतीला टेकून जमिनीकडे पाहत होतो. तेवढ्यात तो खुर्चीवरून उठला आणि शेठपुढे हात जोडून मोठ्याने म्हणाला, “शेठ, पाया पडस तुमना. माले शिव्या द्या.”

मग शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, “पाहिलंत? एवढा मान मिळाला तरी किती लीन आहे हा माणूस!”

त्यांनीच टाळी सुरू केली. पाठोपाठ मुकादमाने केली, आणि मग सगळ्या टोळीने, हात दुखेपर्यंत.