देवघरातल्या डब्यातले आठाणे

परवा देवघरातला डबा घासताना तळाशी आठाण्याचं एक जुनं नाणं सापडलं, अन् अमडापूरच्या घरातली कापसाची कोंदट ऊब नाकात भरली.

बीटी कपाशीचे ते पहिले दिवस. बियाणं महाग, भाव पडलेला. तो वाढेल म्हणून पुढची खोली कापसानं छतापर्यंत भरून ठेवली होती. अंगाला खाज सुटायची. त्याच ढिगावर बसून मी चौथीतल्या चिंगीला दशांश शिकवत होतो, कारण दुसऱ्या दिवशी तिची शिष्यवृत्तीची परीक्षा होती.

"चाराणे मोठे का आठाणे?" दोन्ही नाणी तिच्यापुढे मांडून मी विचारलं.

"आठाणे."

"मग ०.२५ मोठं का ०.५?"

"०.२५. पाचाहून पंचवीस मोठे नाहीत काय, बाबा?"

मी कपाळावर हात मारला. पोरीचं डोकंच चालत नाही, असं मला तेव्हा अगदी खात्रीनं वाटलं. पुन्हा नाणी मांडली, पुन्हा ओरडलो.

आतून बायको म्हणाली, "अहो, चाराणे तं दुकानदारही घेत नाही आता. पोरीले काऊन छळून राह्यले?"

तेवढ्यात व्यापारी काटा घेऊन दारात आला. पहिलं गाठोडं चढलं अन् काट्यावर ४०.५ उमटलं.

"चाळीस किलो पाच ग्रॅम," तो म्हणाला. मी, दशांशाचा मास्तर, खुशाल मान डोलावली.

"पाच ग्रॅम नाही, बाबा!" ढिगावरून चिंगी ओरडली. "वर आठाणे आहेत! अर्धा किलो!"

परवा तिला फोन करून सांगितलं, आठाणे सापडले म्हणून.

"जपून ठेवा, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाले लागन अजून."