पाच धुराड्यांची पुडी

आधीच सांगते, मी या असल्या गोष्टींतली नाही. ठाण्याला माहेरी कोणाला झपाटल्याच्या गप्पा सुरू झाल्या की मी चहा टाकायला उठायचे. इथे दुबईत फार्मसीत काम करते, त्यामुळे दिवसभर औषधं आणि त्यांचे साइड इफेक्ट्स... प्रत्येक गोष्टीला कारण असतं यावर माझं पोट चालतं. तरी हे लिहितेय.

आम्ही डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहतो. मी, नवरा नितीन आणि तिसरीतली लेक रेवा. नितीन मरीन इंजिनिअर आहे. समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणारी सप्लाय बोट असते, तिच्यावर. काही आठवडे बोटीवर, काही आठवडे घरी.

आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी कोणाच्या तरी हॉलमध्ये होतं. गेल्या वर्षी माझी पाळी होती आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. बंदरात एक जुनं प्रवासी जहाज कायमचं उभं आहे, त्याचं आता हॉटेल केलंय. नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना उगाच ताप नको. एके काळी ते इंग्लंडहून न्यूयॉर्कला जायचं. मला या जहाजांचं लहानपणापासून वेड. तो रुंद जिना, रात्रीच्या जेवणाला नटूनथटून उतरणाऱ्या बायका, वाद्यवृंद, केबिनभर ट्रंका, श्रीमंतांच्या कुत्र्यांना फिरवायला वेगळा माणूस... काय थाट असेल, सांगा. मग विमानं आली आणि सगळं खलास. तर म्हटलं, आपण हळदीकुंकू तिथल्याच टी लाउंजमध्ये करायचं. सगळ्यांनी वर्गणी काढली आणि दिरहमचे रुपये करून बघायचे नाहीत अशी एकमेकींना शपथ घातली.

तिळाच्या लाडवांच्या पुड्या मी पांढऱ्या कागदात बांधल्या आणि प्रत्येक पुडीवर रेवाने निळ्या स्केचपेनने जहाज काढलं. एक धुराडं, खाली लाटा. शेवटच्या पुडीला बाईसाहेब कंटाळल्या आणि एका जहाजावर चक्क पाच धुराडी काढून ठेवली, शेवटचं तर वाकडं.

"रेवा, हे काय गं?"

"More chimneys, more fast, Aai."

चिडले मी. ती पुडी डब्याच्या तळाशी टाकली.

आता खरी गोष्ट. संक्रांतीच्या आधी शमाल सुटला. इथला वायव्येचा वारा, समुद्र नुसता खवळतो. नितीनचा फोन लागेनासा झाला. त्याच्या ऑफिसमधला माणूस रोज सांगायचा, "बोट ठीक आहे मॅडम, नेटवर्क गेलंय, संध्याकाळी होईल, इन्शाल्ला." हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी मात्र तोच माणूस अडखळला. बोटीचा रेडिओही आता उत्तर देत नव्हता.

सगळं रद्द करणार होते. तेवढ्यात मालवणहून सासूबाईंचा फोन.

"रद्द करू नकोस गो. हळदीकुंकू कोणासाठी करतेस? त्याच्यासाठीच ना?"

मग काय, नेसले पैठणी. काळीच नेसायची संक्रांतीला, पण त्या दिवशी काळ्या रंगाला हात लाववेना. हिरवी नेसले आणि गेले.

लाउंजच्या दारात मी हळदीकुंकवाची कुयरी घेऊन उभी, शेजारी शुभदा अत्तरदाणी घेऊन. शुभदा म्हणजे आमच्या मजल्यावरची, आमच्यातली सगळ्यात बडबडी. मी हसत होते, कुंकू लावत होते आणि दर दोन बायकांमागे फोन बघत होते. शुभदा म्हणाली, "अगं, ठेव तो पर्समध्ये, माझ्या कपाळाला लावायचं ते नाकाला लावलंस."

चहाच्या सुमाराला आमच्या सगळ्या जणी आत बसल्या. मी वळणार, तर बाहेरच्या पॅसेजमध्ये एक गोरी बाई उभी. पन्नाशीची असेल. जांभळट रंगाचा पायघोळ ड्रेस, कोपरापर्यंत हातमोजे, केसांच्या लाटा बसवलेल्या. मला वाटलं, हॉटेलवाल्यांनी टूरिस्टांसाठी जुन्या वेषात स्टाफ ठेवलाय. आणि आपल्याकडे रीत काय, हळदीकुंकवाच्या दिवशी दारात आलेल्या बाईला तसंच पाठवायचं नाही. स्टाफ असो नाहीतर पाहुणी. मी खुणेनेच बोलावलं.

ती आली, छान वाकली. मी हळद लावली, कुंकू लावलं. कपाळ गार होतं, पण त्या लाउंजचा एसीही तसलाच होता. शुभदाने अत्तर पुढे केलं तर तिने हातमोजा काढून मनगट दिलं. हे कशासाठी, असं तिने इंग्रजीत विचारलं.

"नवऱ्यासाठी," मी म्हटलं. "तो सुखरूप राहावा म्हणून."

"मग मला हवंच," ती म्हणाली. "आमचे हे खाली इंजिन रूममध्ये असतात. या फेरीला मला सोबत यायची परवानगी मिळाली. पण चहाला कधी वेळेवर वर येतील तर शपथ."

काय ॲक्टिंग करते, असं मनात आलं. पण इंजिन रूम हा शब्द ऐकला आणि माझा बांधच फुटला. अनोळखी बाईसमोर, हातात कुयरी धरून मी रडले. माझाही नवरा इंजिन रूममध्येच असतो, कालपासून आवाज नाही, असं काहीबाही सांगितलं.

तिने माझा हात थोपटला. "मी ह्यांना सांगते. तुझ्या नवऱ्याकडे जरा बघून येतील," म्हणाली. शेजारच्या बिऱ्हाडी वाटी पाठवावी इतक्या साधेपणाने.

तिला द्यायला डब्यात एकच पुडी उरली होती. पाच धुराड्यांची. मला ओशाळल्यासारखं झालं, पण तिने चित्र बघितलं आणि मनापासून हसली. मग पॅसेजच्या टोकाच्या जिन्याकडे निघून गेली.

सूर्य बुडायच्या आत, आम्ही उखाणे घेत असतानाच फोन वाजला. अनोळखी नंबर. नितीनचा आवाज. "मी ठीक आहे. आम्ही सगळे ठीक आहोत. दुसऱ्या बोटीवरून बोलतोय." मी खाली गालिच्यावरच बसले.

निघताना मॅनेजरला म्हटलं, तुमच्या त्या ड्रेसवाल्या मॅडमना थँक्स सांगा. तो गोंधळला. त्यांचे गाइड सगळे निळ्या कोटात असतात, जुन्या वेषातलं कोणी नाही. आणि मी दाखवलेला जिना खाली इंजिन रूमकडे जातो, त्याचं दार कायम कुलूपबंद. मेट्रोत शुभदा सारखी आपली बोटं हुंगून बघत होती, त्याच बोटांनी तिने त्या बाईच्या मनगटाला अत्तर लावलं होतं.

नितीन घरी आला आणि त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

बोटीचा जनरेटर दुपारपासून रडत होता, म्हणून रेडिओ बंद. तो एकटा खाली दुरुस्ती करत होता. कानावर आवाज अडवणारे मफ. कोणीतरी खांद्यावर थाप मारली. वळला तर कामाच्या पांढऱ्या कव्हरॉलमधला एक म्हातारा गोरा. नितीनला वाटलं, तेलविहिरीवरून तपासणीला कोणी सर्व्हेयर आलाय. त्याने हातात काहीतरी ठेवलं, मफ बाजूला करून म्हणाला, "मिसेसने पाठवलंय. वर जाऊन खा." इंजिन रूममध्ये खायचं नाही हा नियमच, आणि सकाळपासून याच्या पोटात काही नव्हतं. गेला वर. डेकवर पाय ठेवतो तोच खाली तेलाचा पाइप फुटला आणि आग.

कॅप्टनने इंजिन रूमचं दार बंद करून आग विझवायचा गॅस सोडायचा हुकूम दिला, आणि त्या गॅसने आत असलेला माणूसही गुदमरतो. नितीन ओरडत होता, थांबा, म्हातारा आत आहे. धावत परत जात होता. दोघांनी धरून ठेवलं. कॅप्टनने माणसं मोजून दाखवली. सगळे डेकवर होते. बाहेरून कोणी आलंच नव्हतं.

"मला धक्क्याने भास झाला असं म्हणतात," नितीन म्हणाला. "असेल. पण मग हे काय?"

त्याने खिशातून तेलकट डागांचा चुरगळलेला कागद काढला. मी तोंडावर हात ठेवला. रेवा त्याच्या मांडीवरून वाकली.

"Baba, that's mine. The five chimney one. Who gave you?"

लाडू त्याने खाल्ला होता. वेलची जास्त झालीय म्हणाला. झालीच होती.

शुभदाला विचारून झालं, नितीनच्या कॅप्टनला विचारून झालं, स्वतःला तर रोज विचारते. बंदरातली पुडी भर समुद्रात कशी गेली? कोणाकडे उत्तर असेल तर सांगा, मी वाद घालणार नाही.

यंदाची संक्रांत पुढच्या आठवड्यात आहे. लाउंज तोच ठरलाय. नितीन घरी आहे, आत्ता तीळ भाजतोय. रेवा पुड्यांवर जहाजं काढतेय आणि दोन पुड्यांवर तिने पाच पाच धुराडी काढली आहेत. दोन कशाला, म्हणून विचारलं, तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "One for uncle also, no?"