बहुधाबाईंचा नकार

बंदराच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना सगळे पाठीमागे बहुधाबाई म्हणत. उद्या वारा सुटेल का, असं विचारलं तरी उत्तर एकच, "बहुधा." नवरा तर सांगत फिरायचा की लग्नालाही हिनं "बहुधा हो" असंच कळवलं होतं. खरंखोटं त्यालाच ठाऊक. बाईंनी कधी नाकारलं नाही एवढं खरं.

त्या दिवशी मात्र बाईंची पाचावर धारण बसली. तेलाचं जहाज खडकावर चढून फुटलं होतं आणि तवंग खाडीत शिरला होता. विमानातून औषध फवारलं तर तेल फुटून पाण्यात मिसळणार, पक्षी वाचणार, मासळी मरणार. नाही फवारलं तर वारा तेल थेट काठच्या लव्हाळ्यात नेणार, घरट्यांवर. विमान तयार होतं. बंदरप्रमुखांना हो की नाही, एवढंच हवं होतं.

आणि खाडीत मासे पाळायचे पिंजरे कुणाचे? बाईंच्या सख्ख्या धाकट्या भावाचे.

भावजयीचा फोन येऊन गेला होता. "वन्सं, सगळं तुमच्या हातात आहे म्हणे. आमच्या पोटावर पाय नका देऊ." भावाचा आलाच नाही. बाईंना त्याचीच जास्त धास्ती.

बाईंनी पाण्याची खोली, भरती, वारा पुन्हा तपासला. उत्तर तेच येई: पाणी उथळ, औषध विरणार नाही, तळापर्यंत सगळं मरेल. हे उत्तर बरोबर होतं म्हणून येत होतं, की हवं होतं म्हणून? 'फवारा' म्हणून मोकळं व्हावं, निदान कुणी बोट तरी दाखवणार नाही, असंही क्षणभर वाटून गेलं.

प्रमुखांसमोर त्या बसल्याही नाहीत. "आधी सांगते, तिथे माझ्या भावाचे पिंजरे आहेत."

"अख्ख्या गावाला माहीत आहे, बाई. पण दुसऱ्या कुणाला विचारू? शिपायाला?"

"फवारू नका."

"बहुधा?"

"नाही. फवारू नका."

"उद्या लोक म्हणतील, बहिणीनं भावाला वाचवलं."

"म्हणतील. मलाही अधूनमधून तसंच वाटेल."

विमान थांबलं. संध्याकाळी तेल लव्हाळ्यात शिरलं. काठावर एक पक्षी पंख ओढत चालला होता, त्याच्याकडे बाई बघत असतानाच भावाचा फोन आला.

"ताई, तुझे उपकार..."

"आभार मानू नकोस रे," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "पाणी उथळ होतं म्हणून नाही म्हटलं. तू आभार मानलेस तर मलाच ते खरं वाटायचं नाही."